भेसळीचा दाखला

४ जानेवारी

ठिणगे,

आशीर्वाद. नऊ वर्षांनी काकाचं पाकीट बघून "कोण गेलं, कोण गेलं" करत सुटू नकोस. सगळे आहेत. मीही आहे. माझं स्वरयंत्र तेवढं गेलं, आणि ते काढलं त्या दिवशी तू रुग्णालयाच्या बाकावर बसून माझ्याच पिशवीतली केळी खात होतीस, तेव्हा ती बातमी तुला जुनीच.

तू स्टीलच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मोठी साहेबीण झालीस असं कानावर आलं. धातू टोचतेस, ताणतेस, तोडतेस आणि वर त्याचा दाखला देतेस म्हणे. लहानपणी माझ्या चपलांचं तू हेच करायचीस, दाखला तेवढा मिळत नव्हता. आता एक दाखला मला हवाय.

सोबत पायमोज्यात गुंडाळून दोन नळ्या पाठवतोय. काळी आहे ती नीट बघ. हीच ती. स्वरयंत्र काढल्यावर डॉक्टरांनी गळ्याला भोक ठेवलं, त्यातून मी श्वास घेतो, आणि ते आखडू नये म्हणून त्यात कायम नळी लागते. प्लास्टिकची मला सोसली नाही, गळा चिघळला. तेव्हा तुझे तीर्थरूप पुढे सरसावले. "मी चांदीची करून देतो." चांदीकामात मोठं नाव, गल्लीत मोठं दुकान, त्यात अकरा दिवस दुकान बंद ठेवून भावासाठी नळी घडवली म्हणून चारचौघांत कौतुक. आणि तीन महिन्यांत नळी काळी ठिक्कर! खरी चांदी अशी काळी पडते? जो भावाच्या गळ्यात घालायच्या वस्तूत भेसळ करतो तो गिऱ्हाइकाला काय सोडणार, हे मी तेव्हाच स्पष्ट केलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मी तर कोणाशीच बोलू शकत नाही, त्यामुळे अबोला अगदी सुरळीत चाललाय.

आता रुग्णालयात नवी डॉक्टरीणबाई आली आहे. तिने काळी नळी बघून नाक मुरडलं आणि स्टीलच्या दोन दिल्या. एक गळ्यात आहे, दुसरी तुझ्याकडे. दोन आठवडे झाले, त्याच भांड्यात त्याच पाण्यात उकळतोय आणि स्टील बघ कसं लख्ख आहे. तर दोन्ही धातूंची रीतसर तुलना कर, आणि या तथाकथित चांदीत चांदी किती ते शिक्का मारून लेखी कळव. मरायच्या आधी एकदा कागदावर बरोबर ठरायची इच्छा आहे.

तुझा काका

ता. क. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, नळ्या हरवल्यास काका जबाबदार नाही.


१५ जानेवारी

ती. काकांना,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण प्रयोगशाळेतली फरशी तेलकट असते.

नळ्या पोचल्या. मोजाही पोचला. त्याची चाचणी करायला आमच्याकडे यंत्र नाही आणि हिंमतही नाही, तो परत पाठवते.

सव्वीस वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्यामुळे तुम्हाला एक खोड लागली आहे. तुम्ही सांगायचं, लोकांनी ऐकायचं, उलट कोणी विचारायचं नाही. पण चाचणी करायची तर मी विचारणार. पहिला प्रश्न, भेसळीचा माल आहे याची इतकी खात्री होती तर तो नऊ वर्षं गळ्यात का बाळगलात? फेकून का दिला नाही? दुसरा, तुम्ही "स्पष्ट केलं" म्हणता ते कसं, हे पत्रात लिहायला विसरलात. मी आठवण करून देते. तुमची ती पाटी, जिच्यावर तुम्ही खडूने लिहून लोकांशी बोलता, तिच्यावर तुम्ही "हा माणूस चांदीत भेसळ करतो" असं ठळक अक्षरात लिहिलंत आणि बाबांच्या दुकानाच्या दारात छातीशी धरून उभे राहिलात. तीन तास. गर्दीची वेळ बघून. ओरडणाऱ्या माणसाकडे लोक एकदा बघतात आणि चालू लागतात. गप्प उभ्या माणसाची पाटी सगळे थांबून वाचतात.

चाचणी मी करीन. पण अट आहे. निकाल काहीही लागो, तुम्ही तो मान्य कराल असं लिहून द्या. आणि नळी रोज कशी साफ करता, कशाने, किती वेळ, ते सगळं न गाळता कळवा. धातूचा दोष आहे की माणसाचा, हे त्यावरून ठरतं.

बाबा बरे आहेत. वेळेवर कामावर जातात. तुमचं पत्र आल्याचं त्यांना सांगितलेलं नाही.

ठिणगी


२० जानेवारी

ठिणगे,

बापाची जीभ आणि काकाचा आवाज, दोन्ही तुझ्याकडेच गेलेले दिसतात. बरं आहे, एवढ्यात मोडीत निघालं नाही.

घे, लिहून देतो. निकाल काहीही लागला तरी मान्य. खाली सही आहे. सही खोटी वाटली तर तिचीही चाचणी कर.

नळी का बाळगली? कारण फुकट मिळालेली वस्तू फेकायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. आणि ती गळ्यात बसते बरोबर, हे कबूल करायला हवं. भेसळवाला असला तरी हात चांगला. ही स्टीलची मात्र टोचते. डावीकडे मान वळवली की आतून ढोसते, त्यामुळे शेजारीण डावीकडून आली तर मी ओळख दाखवत नाही असा तिचा समज झाला आहे.

आता माझा दिनक्रम. एकटा जीव सदाशिव, त्यामुळे सगळं आखीव. सकाळी सहाला उठतो. नळी काढून भांड्यात टाकतो आणि बरोबर वीस मिनिटं उकळतो, डॉक्टरांनी घालून दिलेला नियम आहे. त्याच पाण्यात न्याहारीची दोन अंडी सोडतो. गॅस एक, काम दोन. अंडी जरा रबरासारखी होतात, पिवळ्याभोवती हिरवट कडं धरतं, पण पोटाला कुठे दिसतंय. मग नळीचा काळपटपणा जावा म्हणून दंतमंजन लावून खसाखसा घासतो. नऊ वर्षांत एक दिवस खाडा नाही. बोल, यात माझा दोष काढून दाखव. इतकी निगा तुझ्या बापाने तुझी तरी राखली का?

आणि हे "कामावर जातात" काय आहे? स्वतःच्या दुकानात जाण्याला कामावर जाणं कधीपासून म्हणायला लागलीस? दुकान फारच मोठं झालेलं दिसतंय. होणारच. भेसळीत बरकत असते.

काका


३ फेब्रुवारी

ती. काकांना,

निकाल लागला. बसून वाचा. अंडी तोंडात असतील तर आधी गिळा.

आमच्याकडे एक क्ष-किरणांची बंदूक आहे. धातूवर रोखली की आत काय काय आहे ते सांगते, कापावं लागत नाही. तुमच्या काळ्या नळीत चांदी ९२.५ टक्के आणि बाकी तांबं. मी सहा ठिकाणी तपासलं. सहाही ठिकाणी तेच. आता "तांबं सापडलं, सापडलं" म्हणून नाचू नका. ते घालावंच लागतं. निव्वळ चांदी इतकी मऊ असते की तुमच्या पहिल्या खोकल्याला नळी वाकली असती. जगभर चांदीकामाला हेच प्रमाण चालतं. बाबांनी ते केसाइतकंही चुकवलेलं नाही.

तुलना हवी होती ना, घ्या. हिऱ्याचं टोक ठरावीक वजनाने दाबून धातूला खड्डा पाडायचा आणि मोजायचा, खड्डा जितका लहान तितका धातू कठीण. स्टील निघालं १८२, चांदीची नळी १०८. वाकायला स्टील अडीच पट ताठ. वजनात चांदी जड. उष्णता चांदी झटकन घेते, म्हणून ती गळ्यात घातल्या घातल्या अंगाइतकी ऊबदार होते, स्टीलला वेळ लागतो. गंजणं, डागाळणं यात स्टील जिंकलं, वादच नाही. पण ते तुम्हाला का टोचतं, तेही याच आकड्यांत आहे. स्टील वाकवलं तर उसळून थोडं मागे येतं, चांदी जिथे नेऊन ठेवाल तिथे राहते. म्हणूनच बाबा तिला तुमच्या गळ्याचा बाक देऊ शकले. स्टीलची नळी चपलेसारखी नंबरात मिळते. पाय तिच्या मापाचा करून घ्यायचा.

आता काळेपणा. त्या काळ्या थरात गंधक आहे. चांदीचं आणि गंधकाचं भारी जमतं, भेटले की थर धरलाच. प्रश्न एवढाच होता की तुमच्या गळ्यात गंधक आलं कुठून. तुमचं पत्र मी वरिष्ठांना वाचून दाखवलं. ते दोन अंड्यांपाशी थांबले, चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हलत होते. अंड्याच्या पांढऱ्यात गंधक असतं, काका. जास्त उकडलं की ते पाण्यात उतरतं. पिवळ्याभोवतीचं हिरवट कडं हीच त्याची पावती. तुम्ही नऊ वर्षं रोज चांदीला गंधकाची आंघोळ घालत होतात. स्टीलला त्या पाण्याचं काही वाटत नाही, म्हणून ते लख्ख.

खात्री करायला मी चांदीचा तुकडा दोन अंड्यांसोबत रोज वीस मिनिटं उकळला. पहिल्या दिवशी पिवळसर, दुसऱ्या दिवशी तपकिरी, चौथ्या दिवशी तुमच्या नळीची जुळी बहीण. अंडी सहकाऱ्यांनी खाल्ली, त्यांचा निकाल चांगला नव्हता.

आता थट्टा बाजूला. नळीच्या तोंडाशी जी चकती झाळून बसवली आहे, जिला फीत बांधून तुम्ही ती मानेभोवती अडकवता, तिथल्या झाळेला, म्हणजे जोडाला, भेग आहे. दंतमंजनाने घासून घासून झाळ निम्मी झाली आहे. चकती सुटली असती तर नळी सरळ आत श्वासनलिकेत गेली असती, आणि तुम्हाला ओरडताही आलं नसतं. म्हणून ती परत पाठवत नाही. मागितलीत तरी नाही. टोचली तरी स्टीलचीच घाला.

ठरल्याप्रमाणे निकाल मान्य असल्याचं कळवा.

ठिणगी


१२ फेब्रुवारी

साहेबीणबाई,

दाखला वाचला. शिक्का सुंदर आहे. मजकूर अमान्य आहे.

कोंबडीने चांदी काळी केली! वा! माणसाने केलेली लबाडी कोंबडीच्या माथी मारायला तुला चार वर्षं कॉलेजात घातली का? आणि चाचणी करणारी कोण, तर आरोपीची मुलगी. दुधाची राखण मांजरीकडे. हे मी आधीच ओळखायला हवं होतं.

पण मीही बसस्थानकात वेळापत्रकाशिवाय बोललो नाही. स्वतः प्रयोग केला. घरात खरी, खात्रीची चांदी एकच, पंचवीस वर्षं सेवा झाल्यावर बस कंपनीने दिलेलं रौप्यपदक. सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर, हार घालून दिलेलं. आजवर काचेच्या कपाटात होतं. ते काढलं, दोन अंड्यांसोबत वीस मिनिटं उकळलं. एक दिवस नाही, चार दिवस. आठ अंडी खाल्ली, पोट फुगलं, विज्ञानासाठी सहन केलं.

निकाल ऐक. पदक तसंच्या तसं! डाग नाही, पिवळेपणा नाही, तोंड बघून भांग पाडता येईल इतकं लख्ख. म्हणजे खरी चांदी अंड्याने काळी पडत नाही. म्हणजे नळीची चांदी खरी नव्हती. प्रवाशांनी नोंद घ्यावी, हा खटला येथे समाप्त होत आहे.

पदक सोबत पाठवतोय. तुझ्या त्या बंदुकीसमोर धर आणि खरी चांदी कशी असते ते एकदा डोळे भरून बघ. बापालाही दाखव.

भेगेबद्दल सांगितलंस ते बरं केलंस. तेवढं मान्य.

काका


१७ फेब्रुवारी

काका,

पदक बंदुकीसमोर धरलं. बाबांना दाखवलं नाही, कारण त्यांना हसू आलं असतं आणि तुमच्यावर हसायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं आहे.

पदकात चांदी शून्य टक्के. ते स्टील आहे. लोखंड, क्रोमियम आणि वर घासून आणलेली चकाकी. माझ्यावर विश्वास नको. आरोपीची मुलगी ना मी. म्हणून पदकासोबत एक लोहचुंबक पाठवते आहे, दोन्ही एकमेकांजवळ न्या. चांदीला चुंबक कधी चिकटत नाही. हे चिकटेल, आणि सोडवायला तुम्हाला दोन हात लागतील.

म्हणजे हिशेब असा झाला. ज्यांनी हार घालून खोटी चांदी दिली ती तुम्ही काचेच्या कपाटात ठेवलीत. ज्याने अकरा दिवस बसून खरी चांदी दिली त्याच्या दारात पाटी धरून उभे राहिलात.

आता पुढचं लिहायचं नाही अशी बाबांनी मला शपथ घातली होती. मोडते. दुकान मोठं झालं नाही, काका. दुकान नाही. तुमच्या पाटीनंतर लोक दागिने परत घेऊन यायला लागले, तपासून द्या म्हणून. मग यायचेच बंद झाले. मुलं रस्त्यात त्यांना "भेसळ" म्हणून हाक मारायची. दोन वर्षांनी दुकान बंद झालं. गेली सात वर्षं बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कडा घासायचं काम करतात. भांड्याच्या तोंडाची कड हाताला कापू नये म्हणून घासायची, दिवसाला दोनशे भांडी. चांदीवर केसाइतकी नक्षी उमटवणारा माणूस. तुम्ही लिहिलं होतंत ना, भेसळीत बरकत असते.

नऊ वर्षांत त्यांनी तुमच्याबद्दल एक वाईट शब्द काढलेला नाही. मला वाटायचं हा राग आहे. मागच्या आठवड्यात त्यांच्या खणात मी चाकू शोधत होते, तर तळाशी एक लाकडी साचा सापडला, बोटाएवढा, वाकडा. तुमच्या गळ्याच्या बाकाचा. हत्यारं विकली तेव्हा बाकी सगळे साचे त्यांनी विकले होते.

मला तुमचा फार राग येतो आहे. तो पत्रात मावत नाही, म्हणून थांबते.

ठिणगी


१० मार्च

ती. काकांना,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. रागावला असाल तर रागावल्याचं तरी लिहा. गळ्याचं काय? नळी टोचून जखम झाली असेल तर डॉक्टरीणबाईंना दाखवा. मी जे लिहिलं त्यातला एकही शब्द परत घेणार नाही, पण तुमचा श्वास चालू राहावा एवढी माझी इच्छा आहे.

एक सांगायचंय. नळी मी बाबांना दाखवली. लपवणं जमेना. त्यांनी ती उजेडात धरली, भेगेवरून नख फिरवलं, मग माझा निकालाचा कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. फार वेळ लागला. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, "अंडी?"

मी म्हटलं, "दोन. रोज."

मग ते उठून बाहेर गेले आणि पाठमोरे उभे राहिले. हसत होते की काय ते मला कळलं नाही, मी मागे गेले नाही.

ठिणगी


१९ मार्च

ठिणगे,

जिवंत आहे. नळी टोचते आहे. टोचू दे, माझ्या मानाने ती सौम्यच आहे.

चुंबक लावला. चिकटला. दोन हात लागले. त्यानंतर मी पंधरा दिवस कोणाला काही लिहिलं नाही, पाटीवरसुद्धा नाही. दूधवाल्याला बोटांनी खुणा केल्या. घराण्यातला सगळ्यात बडबडा माणूस मी, आवाज गेला तरी गप्प असा पहिल्यांदाच झालो.

मग परवा बसचा आजन्म पास काढला, पाटी पिशवीत घातली आणि तुमच्या गावी आलो. तुला कळवलं नाही. तू मध्ये पडली असतीस आणि मला ते सोपं झालं असतं.

पाटीवर लिहिलं होतं, "चांदी खरी होती. अंडी माझी होती. मी चुकलो." याहून थोडक्यात बसेना. आधी गल्लीत गेलो, जिथे केलं तिथेच फेडायचं म्हणून. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. मी दारात उभा राहिलो. एका बाईने अंडी कशी डझन विचारलं. दुसऱ्या एकाने ती गावठी आहेत का म्हणून चौकशी केली. कव्हरवाली मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, इथे दुकान लावायचं नाही." लाज वाटून घ्यायला गेलो होतो, तर अंडीवाला ठरलो. समोरचा म्हातारा किल्ल्या बनवणारा तेवढा उठून आला. त्याने पाटी दोनदा वाचली आणि म्हणाला, "तेव्हा तीन तास उभा होतास. मी मोजले होते." मग त्यानेच कारखान्याचा पत्ता दिला.

चारला पाळी सुटते. फाटकाबाहेर उभा राहिलो. दोनेकशे माणसं बाहेर पडली, वाचून हसली, एकाने फोटो काढला. मग दादा आला. हो, दादा. इतकी पत्रं "तुझा बाप, तुझा बाप" लिहीत होतो, तो माझा दादा आहे. केवढा वाकलाय गं! बोटांना फडकी गुंडाळलेली. त्याने पाटी वाचली, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि रस्ता ओलांडून निघून गेला. बरोबरच होतं. मी जागचा हललो नाही. तेव्हा तीन तास, तर आताही तीन तास, कमी नाही. रखवालदाराने दया येऊन स्टूल दिलं, मी बसलो नाही.

सातला पाटी खाली घेतली, वळलो, तर रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर दादा बसलेला. समोर चहाचे चार रिकामे ग्लास. तो घरी गेलाच नव्हता. मी बघितल्यावर उठला आणि गर्दीत शिरला. मी हाक मारायला तोंड उघडलं. सवय जात नाही. दादा मला भोंगा म्हणायचा, सव्वीस वर्षं अख्ख्या बसस्थानकाला ऐकू जायचं, आणि रस्त्यापलीकडे एक "दादा" पोचवता आला नाही.

निकाल मान्य. सही खाली आहे. माझ्याकडून त्याला काही सांगू नकोस, मी पात्र नाही. फक्त त्याच्या बोटांना काहीतरी मलम लाव.

काका

ता. क. त्या काचेच्या कपाटात आता काही नाही. पदक दरवाजाला अडकण म्हणून लावलंय. कामाला चांगलं आहे, स्टील आहे.


२ एप्रिल

चि. भोंग्यास,

आशीर्वाद. मुलगी लिहिते म्हणाली, मी म्हटलं मी लिहितो. मला लिहिता येत नाही, गोड मानून घे.

नळीची जुनी झाळ काढून नवी दिली आहे. हत्यारं नव्हती, किल्लीवाल्याकडून उसनी आणली. चकती जाड केली. झाळताना तापल्यामुळे चांदी मऊ पडली होती, ती पुन्हा ठोकून कडक केली. ठिणगीने यंत्रावर लावून बघितली, पास झाली म्हणते. आता पाचपन्नास वर्षं बघायला नको. दंतमंजन दातांना लाव.

पण नळी पोस्टाने पाठवत नाही. साचा नऊ वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा तुझी मान जाड होती. त्या संध्याकाळी फाटकापाशी बघितली, पार काडी झाली आहे. बाक नव्याने घ्यावा लागेल आणि तो माणूस समोर बसल्याशिवाय घेता येत नाही. रविवारी ये. दोन दिवस राहायच्या तयारीने ये, घाईत बाक चुकतो.

तू माझ्या दारात उभा होतास त्या दिवशी मला तुझ्या कानाखाली द्यायची होती. ती राहून गेली आहे. आलास की देईन, मग कामाला लागू. नळी काढून ठेवल्यावर देईन.

पाटी आणि खडू आण. खडू जास्त आण. मला नऊ वर्षांचं बोलायचंय आणि तू उत्तर दिल्याशिवाय राहणार नाहीस.

सोबत एक लहान भांडं पाठवतो आहे. स्टीलचं आहे, आमच्याच कारखान्यातलं, कड मी घासली आहे, हात फिरवून बघ. यात अंडी उकड. फक्त अंडी.

दादा